हॅरिएट आजीच्या पेन्सिली

आईचं स्वयंपाकघर आवरायला घेतलं, तेव्हा सगळ्यात खालच्या ड्रॉवरमध्ये बिस्किटांचा निळा डबा सापडला. अमेरिकेतल्या कुठल्याही मराठी घरात या डब्यात बिस्किटं नसतात, हे मला जन्मापासून ठाऊक आहे. झाकण काढलं तर आत रांगोळीच्या पुड्या, एक जुनं गाळणं आणि तळाशी जाड कागदाची लांबट कार्डं. कार्डांना बारीक आयताकृती भोकं, आणि भोकांच्या कडांना गुलाबी, हिरवा, पिवळा रंग अजून चिकटलेला. मी एक कार्ड नाकाशी नेलं. रांगोळीच्या कोरड्या वासाखाली अगदी पुसट असा लाकडाचा वास आला. तो खरंच होता की माझ्या नाकानं उसना आणला, देव जाणे. मी तिथंच जमिनीवर बसकण मारली आणि त्या दुपारचं आवरणं तिथंच संपलं.

आई-बाबा हे ॲन आर्बरचं घर सोडून शिकागोला माझ्या घराजवळ राहायला येताहेत. बाबांनी ऐंशी ओलांडली, आईचे गुडघे कुरकुरतात, जिना आता दोघांवरही डोळे वटारतो. घर घेतलंय पुण्याच्या एका तरुण जोडप्यानं, दोघंही आयटीवाले. त्यांतली सायली संध्याकाळी किल्ल्या घ्यायला आणि कुठल्या नळाशी कसं वागायचं ते आईकडून समजून घ्यायला यायची होती. तोवर मी ड्रॉवर रिकामे करायचे आणि माझी पाठ वळली की आईनं ते पुन्हा भरायचे, असं सकाळपासून चाललं होतं.

"आई, ही कार्डं टाकू?"

"खबरदार," आई ओट्यापाशी उभी होती, तिथूनच म्हणाली. "हॅरिएट आजीची आहेत ती."

जसं काही मला माहीत नव्हतं.

शेजारच्या पांढऱ्या घरात हॅरिएट आणि वॉल्टर राहायचे. मोठ्या माणसांना नुसत्या नावानं हाक मारायची आमच्या घरात सोय नव्हती, म्हणून ती हॅरिएट आजी आणि ते वॉल्टर आजोबा. आजी म्हणजे 'प्रोफेसर'सारखं आमच्याकडचं काहीतरी पद असावं, असं तिला सुरुवातीला वाटायचं. खरा अर्थ कळल्यावर तिला ते पद जास्तच आवडलं. त्यांना मूलबाळ नव्हतं. प्रोफेसर मात्र ती होतीच. कम्प्युटर एका खोलीत मावत नसत, तेव्हापासून ती विद्यापीठात त्यांच्याशी झटापट करत होती. माणसानं सोप्या शब्दांत सांगितलेलं यंत्राला कसं समजावं, यावर तिनं आयुष्य घातलं. तिनं तेव्हा घालून दिलेल्या वाटेवरून आज सगळं जग चालतं, असं तिचे विद्यार्थी सांगतात. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. मी दातांची डॉक्टर झाले. आजी म्हणायची, "चांगलं झालं. भोकं शोधायचंच काम आहे."

काल मुद्दाम विद्यापीठातून चक्कर मारली. तिच्या नावाची आता तिथं एक प्रयोगशाळा आहे, काचेच्या दारावर पांढऱ्या अक्षरात नाव. आत एक विद्यार्थी खुर्चीत मान टाकून गाढ झोपला होता. आजीला ते दृश्य फार आवडलं असतं. तिचं म्हणणं असायचं, की जागं राहून चूक सापडत नाही, झोपून उठल्यावर सापडते. मी काचेतून थोडा वेळ त्या पोराकडे बघत उभी राहिले आणि कुणी चोर समजायच्या आत निघाले.

आजीच्या घराचा वास सांगते. दारातून आत गेलं की आधी कॉफी, मग लाकडाला लावायचं लिंबाचं पॉलिश, आणि त्याच्यामागे पेन्सिलीचा भुसा. वॉल्टर आजोबा हायस्कूलमध्ये सुतारकाम शिकवायचे, त्यामुळे घरात लाकडाचा वास असणारच. पण हा पेन्सिलीचाच होता. आजीच्या टेबलावर एका बरणीत खूपशा पेन्सिली असत, सगळ्या टोक वर करून, सगळी टोकं सुईसारखी. लिहायला ती पेन वापरायची. पेन्सिलींना नुसती टोकं काढून ठेवायची.

त्या टोकांवर वॉल्टर आजोबांचा एक ठरलेला विनोद होता. थँक्सगिव्हिंगला ते आम्हाला जेवायला बोलवायचे. आमच्यासाठी टर्की सोडून बाकी सगळं. टेबलाभोवती त्यांच्या वयाची मंडळी असत, आणि त्या वयाच्या मंडळींचं बोलणं फिरून फिरून महायुद्धावर यायचं. आजोबा तेव्हा जहाजावर होते. त्यांचं सांगून झालं की कुणीतरी वळायचं, "आणि हॅरिएट, तू काय करत होतीस युद्धात?" आजी काटा खाली ठेवायची. तिनं तोंड उघडायच्या आत आजोबा खुर्चीत मागे रेलून म्हणायचे, "आमच्या हॅरिएटनं पेन्सिलींना टोकं काढली. आणि अशी काढली, की आपण जिंकलो!" सगळे हसायचे. आजीही हसायची आणि कुणाला तरी बटाटे वाढायला घ्यायची. दर वर्षी तोच प्रश्न, तेच वाक्य, तेच बटाटे. वाक्य यायची वेळ झाली की मी आणि आई एकमेकींकडे बघायचो.

या कार्डांची गोष्ट दिवाळीची. इथली दिवाळी थंडीत येते. पोर्चवर ठिपके काढेपर्यंत बोटं काकडतात, आणि वारा आधीचे ठिपके उचलून शेजारच्या अंगणात नेऊन ठेवतो. त्या वर्षी आजीनं बेसमेंट आवरून खोकीच्या खोकी रस्त्याकडेला काढली होती, भोकं पाडलेल्या कार्डांची. पूर्वी कम्प्युटरला काही सांगायचं म्हणजे ते अशा कार्डांवर भोकं पाडून सांगायचे. तो जमाना संपला होता. आईनं खिडकीतून पाहिलं आणि हातातली चकली तशीच टाकून धावली. "अगं, हे तर रांगोळीचे छाप!" कार्ड फरशीवर धरायचं, वरून गाळण्यानं रांगोळी भुरभुरवायची, की खाली बारीक नक्षी. वाऱ्याला काही करायला सवड मिळायची नाही. हॅरिएट आजीनं खोकं दिलं, पण तिला काहीही कळलं नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

लक्ष्मीपूजनाला ती फराळाला आली आणि दारातच थांबली. गुडघ्यांवर हात ठेवून वाकली, आणि आमची रांगोळी वाचायला लागली. मी पाहिलं, तिचे ओठ हलत होते.

"शुभा," ती आईला म्हणाली, "तुझ्या दारात माझी चूक लिहिली आहे."

चुकलेलं कार्ड ते. त्यात एक भोक भलत्या घरात पडलं होतं, आणि त्या एका भोकापायी यंत्र कितीतरी दिवस हटून बसलं होतं. आजीनं ती चूक बर्फ वितळेपर्यंत शोधली होती. सापडली तेव्हा ते कार्ड फेकून द्यायच्या ऐवजी कुठल्याशा खोक्यात गेलं, आणि आता गुलाबी रंगात लक्ष्मीच्या स्वागताला बसलं होतं. आई ओशाळली, पुसायला फडकं घेऊन आली. आजीनं तिचा हात धरला. "राहू दे. बाकीच्या चुका मी गुपचूप निस्तरल्या. एकीला तरी नटूथटू दे." मग बाबांपासून सगळे पाहुणे त्या चुकीला पाय न लावता, उड्या मारत घरात आले. पुढे दर दिवाळीला आजी आधी रांगोळी वाचायची, मग चकलीला हात लावायची.

आजी मला गुप्त लिपी शिकवायची. शाळेतून आले की मी चिठ्ठी लिहायची, अक्षरांच्या जागी आकडे घालून, तिच्या दाराच्या फटीतून सरकवायची आणि आमच्या पायरीवर येऊन बसायची. माझा श्वास खाली बसायच्या आत ती दार उघडून चिठ्ठी मोठ्यानं वाचून दाखवायची. मी दर वेळी आकडे बदलायची, उलटे लिहायची, मधे खोटे घुसडायची. काही उपयोग नाही. शेवटी मी रडकुंडीला आले, तेव्हा तिनं मला शेजारी बसवलं.

"तू प्रत्येक चिठ्ठीच्या शेवटी काय लिहितेस?"

"डोन्ट टेल आई," मी म्हणाले.

"मग! मला शेवट आधीच माहीत असतो. तिथून मी मागे मागे येते." तिनं पेन्सिलीचं मागचं टोक माझ्या चिठ्ठीवर टेकवलं. "माणूस कितीही हुशार असो, त्याची एखादी सवय असते. जे वाक्य पुन्हा पुन्हा येतं ना, तिथं बोट ठेवायचं. कुलूप तिथंच असतं आणि किल्लीही."

ही बाई शब्दकोडी फार सोडवत असावी, एवढंच तेव्हा माझ्या डोक्यात आलं.

त्या दिवसांतले ऋतू आता एकमेकांत मिसळून गेलेत. शरदात सफरचंदाचा रस काढणाऱ्या सायडर मिलमधून आणलेली गरम डोनट, कागदी पिशवीवर उमटलेला तेलाचा डाग. शनिवारी स्टेडियमकडून येणारा गलका, तो वाढला की आजोबा टीव्ही न लावताच म्हणायचे, "आपला टचडाऊन झाला." हिवाळ्यात आजोबा आणि बाबा मिळून दोन्ही घरांपुढचा बर्फ काढायचे. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही डाळी-पिठं आणायला शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूला जायचो. बाबा स्टिअरिंग असं धरायचे, की बोटांची पेरं पांढरी पडायची. शेजारून मोठा ट्रक गेला की देवाचं नाव. घरी पोचेपर्यंत शर्ट पाठीला चिकटलेला. तिथल्या दुकानात ओळखीच्या बायका भेटायच्या, आईला म्हणायच्या, "अहो वहिनी, तुम्ही का नाही ड्राइव्ह करत? एवढ्या लांबून येता, आलटून पालटून करायचं ना!" तेवढ्यात बाबा पोत्यामागून म्हणायचे, "मला ड्रायव्हिंग आवडतं." आईच्या पाकिटात लायसन्स होतं, चांगलं फोटोबिटो असलेलं. ते बँकेत ओळख दाखवायला उपयोगी पडायचं.

एका हिवाळ्यात वॉल्टर आजोबांना दम लागायला लागला. ते बर्फ काढायला खुर्ची घेऊन बाहेर यायचे. पुढच्या शरदात, मेपल लाल झाले असताना, ते गेले. आजीनं कॉफी करणं बंद केलं आणि त्या घराचा वासच बदलला. पेन्सिलींना मात्र टोकं काढत राहिली. आई रोज संध्याकाळी आमटीचा डबा घेऊन जायची आणि आजी "बास, पुरे" एवढं मराठीत म्हणून तो ठेवून घ्यायची.

त्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात, संक्रांतीच्या आधी, ती कोटसुद्धा न घालता बर्फातून आमच्या मागच्या दारी आली. आई तिळाच्या वड्या करत होती. गुळाचा पाक कढईत होता.

"शुभा, मला एक सांगायचंय. ज्याला सांगायचं तो नाही. म्हणून तुला सांगते."

"सांग," आई म्हणाली, पण ढवळायची थांबली नाही. पाक कुणासाठी थांबत नसतो. मी टेबलाशी गृहपाठ घेऊन बसले होते; मला कुणी हाकललं नाही.

सकाळी तिला एका जुन्या मैत्रिणीचा फोन आला होता. सरकारनं आता बोलायची मोकळीक दिली आहे, म्हणून. युद्धात आजी पेन्सिलींना टोकं काढत नव्हती. तिच्यासारख्या कितीतरी मुली होत्या, गणित बरं म्हणून कॉलेजातून उचलून वॉशिंग्टनला आणलेल्या. लांबच लांब टेबलं, उन्हाळ्यात अंगाला चिकटणारे कपडे, आणि समोर शत्रूच्या जहाजांच्या बिनतारी संदेशांचे कागद, नुसते आकडे. ते फोडायचे. जहाजावरचा कुणी कारकून रोज तोच रामराम घालून संदेश सुरू करी, कुणी तोच निरोप घेऊन संपवी. आजी तिथं बोट ठेवायची. त्या न पाहिलेल्या कारकुनांची तिला ओळखच झाली होती, एकाला तर सारखी माफी मागायची सवय होती. पहिल्याच दिवशी सगळ्या मुलींकडून शपथ घेतली होती, आईबापांना नाही, नवऱ्याला नाही, कुणाला सांगायचं नाही. विचारलंच तर म्हणायचं, आम्ही पेन्सिलींना टोकं काढतो.

"मी वॉल्टरला तेच सांगितलं," आजी म्हणाली. "भेटलो त्या पहिल्या दिवशी. त्याचा विश्वास बसला. इतका बसला, की गावभर सांगत सुटला." ती थोडी हसली. "तो समुद्रावर होता, शुभा. आम्ही फोडलेल्या निरोपांवरून आपल्या जहाजांना वाट बदलायला सांगायचे. त्यातलं एखादं त्याचं असेल, नसेल. मला फक्त एकदा त्याला सांगायचं होतं, की मी तुझ्यासाठी तिथं बसले होते. मी काही फार मोठं मागत नाही ना?"

आईनं पाक ताटात ओतला, वर तीळ पसरले, लाटणं फिरवलं, सुरीनं चौकोन पाडले. मग हात धुऊन आजीला जवळ घेतलं. मला वडी मागायची होती, पण मागितली नाही.

त्या शनिवारी आमच्याकडे हळदीकुंकू होतं. आसपासच्या गावांतल्या सगळ्या मराठी बायका बर्फ तुडवत यायच्या. दारात बुटांचा ढीग, आत काठापदराच्या साड्या आणि वरून स्वेटर. पुरुषांची रवानगी बेसमेंटमध्ये, चिवडा आणि टीव्हीसकट. वाण म्हणून आईनं मापाच्या चमच्यांचे सेट आणले होते. आईनं हॅरिएट आजीलाही बोलावलं होतं, आणि गोखले काकूंनी, ज्या आमच्यात वयानं आणि आवाजानं मोठ्या होत्या, आईला कोपऱ्यात घेतलं.

"अगं, त्यांचे मिस्टर गेले ना? मग हळदीकुंकवाला कसं..."

"मी बोलावलंय, काकू," आई म्हणाली. तिचा असा आवाज मी फार थोड्या वेळा ऐकलाय.

मग उखाण्यांची फेरी सुरू झाली. घरात जन्मभर नवऱ्याला नुसतं 'अहो' म्हणणाऱ्या या बायका, चारचौघींत मात्र ओळी जुळवून त्याचं नाव घेतात, लाजतात, टाळ्या घेतात. आजीला ही रीत आईनं आधीच समजावली होती. तिला ती लगेच पटली होती. जे एरवी बोलायचं नाही ते बोलायला वर्षातून एकदा परवानगी. दोन दुपारी दोघी चहा पीत कागदावर काहीतरी जुळवत होत्या. सगळ्यांचं झालं, तशी आजी उठली. राखाडी स्कर्ट, आईची शाल. हात पुढे घट्ट धरून, एकेक शब्द जपून टाकत ती म्हणाली,

"कुलपं फोडली युद्धात, ओठांवर ठेवलं मौन,
वॉल्टररावांना सांगायचंय, लावून द्या ना फोन."

आधी हशा पिकला. वॉल्टरराव! फोन! बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या. मग आजीनं इंग्रजीत, उभ्या उभ्या, सगळं सांगितलं. टेबलं, आकडे, शपथ, पेन्सिली, आणि आजोबा न ऐकताच गेले हेही. ती बसली. कुणीतरी नाक ओढलं. आणि गोखले काकू उठल्या, करंडा घेऊन आजीपुढे जाऊन थांबल्या, आईला म्हणाल्या, "विचार त्यांना, लावू का?" आजीनं विचारायची वाट पाहिली नाही. कपाळ पुढे केलं.

संध्याकाळी बाबा तिला सोडायला निघाले. निसरडं झालं होतं. खिडकीच्या काचेला नाक लावून मी जे पाहिलं ते आजवर तसंच्या तसं डोळ्यांसमोर आहे. तिच्या पोर्चच्या दिव्याखाली ती दोघं. बाबांच्या हातात वड्यांचा डबा. बाबा काहीतरी बोलताहेत. माझे बाबा, जे एका वाक्यात दिवस काढतात. आजी ऐकतेय. मग ती एकदम खाली बसली, त्या थंडगार पायरीवर, आणि हसायला लागली. पोट धरून, डोळे पुसत, आणि पुन्हा हसत. बाबा डबा धरून नुसते उभे. घरी आल्यावर मी विचारलं तर म्हणाले, "काही नाही. निसरडं होतं."

त्यानंतर तिच्या घरातून पुन्हा कॉफीचा वास यायला लागला. पुढं आजी खूप वर्षं जगली, आणि छान जगली. तिला शाळाशाळांतून बोलावणी येऊ लागली. मुलांपुढे उभी राहिली की तिची सुरुवात ठरलेली, "मी युद्धात पेन्सिलींना टोकं काढली. आणि अशी काढली, की आपण जिंकलो!" आणि मग ती एकटीच एवढी हसायची, की मास्तरणींना पाण्याचा ग्लास आणावा लागायचा. तिला आजोबांची आठवण येत असेल, असं आम्ही समजायचो.

हे सगळं डोक्यात घेऊन मी जमिनीवर बसलेली, मांडीवर कार्डं. चार वाजले, बाबा चहासाठी आत आले. कार्डांकडे बघून त्यांनी चष्मा काढला आणि पुसायला लागले.

"बाबा," मी म्हणाले, "त्या दिवशी आजीला पायरीवर काय सांगितलं होतंत?"

"कुठल्या दिवशी?"

"तुम्हाला माहितेय कुठल्या."

बाबांनी चष्मा पुन्हा चढवला. खुर्ची ओढली. "आता कोण राहिलंय," म्हणाले. "वॉल्टरला माहीत होतं."

आईचा हात चहाच्या डब्यातच राहिला.

"त्याच्या शेवटच्या विंटरमध्ये आम्ही स्नो काढत होतो. म्हणजे मी काढत होतो, तो खुर्चीत बसून इन्स्ट्रक्शन्स देत होता. मधेच म्हणाला, हॅरिएट झोपेत आकडे बोलते. लग्न झाल्यापासून. पेन्सिली शार्पन करणारी बाई झोपेत आकडे कशाला बोलेल?"

"मग त्यांनी तिला विचारलं का नाही?"

"मीही तेच म्हटलं. म्हणाला, तिनं कुणाला तरी शब्द दिलाय. मी विचारलं, तर तिला एक तर शब्द मोडावा लागेल, नाही तर माझ्याशी खोटं बोलावं लागेल. दोन्ही तिला जमणार नाही. म्हणून कुणीही विचारलं की ती तोंड उघडायच्या आत मीच ते पेन्सिलीचं बोलून टाकतो." बाबा थांबले. एवढं सलग बोलायची त्यांना सवय नाही. "आणि म्हणाला, तिला कधी बोलायची परमिशन मिळालीच, तर तिला सांग. नाही मिळाली, तर तूही गप्प बस."

"आणि तुम्ही बसलात."

"बसलो. त्या दिवशी आम्ही बेसमेंटमध्ये होतो ना, हीटरच्या व्हेंटमधून तुमचं सगळं खाली ऐकू येत होतं. तिनं म्हटलं, फोन लावून द्या." बाबांनी खांदे उडवले. "लावला."

आई म्हणाली, "ती काय म्हणाली हो?"

"खाली बसली. म्हणाली, तेच वाक्य! दर वर्षी तेच वाक्य, एक शब्द इकडचा तिकडे नाही, आणि माझ्या लक्षात आलं नाही! माझ्या! मला तर कामावरून काढायला हवं होतं." बाबाही आता हसत होते, डोळे मिटून. "दिव्याखाली अंधार म्हणतात ते मी तिला इंग्लिशमध्ये सांगितलं. तिला फार आवडलं."

"इतकी वर्षं मला ताकास तूर लागू दिली नाहीत," आई म्हणाली. रागावली नव्हती. तिनं पदरानं डोळे टिपले आणि आधण ठेवलं.

मी खिडकीतून शेजारच्या पायरीकडे पाहिलं. तिथं आता कुणाची तरी लाल स्कूटर पडली होती. एवढ्या वर्षांनी मला ते हसणं कळलं, आणि मी अगदी सुखानं रडले. तिला हवं होतं ते मिळालं होतं. तिनं सांगायच्या कितीतरी आधी ते पोचलं होतं.

बेल वाजली. सायली आली, बूट काढता काढताच बोलायला लागली. तिला घर आवडलं होतं, पोर्च आवडलं होतं, आईच्या हातचा चहा तर फारच. आईनं तिला नळ दाखवले, आणि मग काय मनात आलं कोण जाणे, बिस्किटांचा डबा उघडून त्यातलं एक कार्ड तिच्या हातात ठेवलं. "दिवाळीला उपयोगी पडेल. वारा फार असतो इथं." सायलीनं ते उजेडाकडे धरून पाहिलं.

"काकू, शिकागोला गेल्यावर कसं करणार?" ती म्हणाली. "म्हणजे काकांना आता एवढं ड्राइव्ह करणं... तुम्ही नाही का करत, काकू?"

"मला ड्रायव्हिंग आवडतं," बाबा म्हणाले.

कप माझ्या ओठांशी थांबला. तेच वाक्य. डेव्हन ॲव्हेन्यूच्या पोत्यांमागून, लग्नांत, मुंजींत, दवाखान्यात, कुणीही विचारलं की आईनं तोंड उघडायच्या आत. मी बाबांच्या हातांकडे पाहिलं. ट्रक शेजारून गेला की पांढरी पडणारी ती पेरं. मी लहान असताना, मागच्या सीटवर असताना, आईच्या हातून गाडी बर्फात घसरली होती. कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं, पण त्यानंतर आईनं स्टिअरिंगला हात लावला नाही. हे मला पुण्याच्या मावशीनं कधीतरी सांगितलं होतं. आमच्या घरात त्याविषयी कुणी एक शब्द बोललेलं मला आठवत नाही.

जे वाक्य पुन्हा पुन्हा येतं, तिथं बोट ठेवायचं. मी बोट ठेवलं, आणि सायलीला म्हणाले, "हो गं, बाबांना फार आवडतं." आईनं माझ्याकडे पाहिलं. मग बाबांचा कप स्वतःकडे ओढून घेतला आणि त्यात, डॉक्टरांनी बंद केलेली साखर, चांगली भरून चमचाभर घातली.